हसऱ्या पुस्तकाची फलश्रुती

चैत्रातल्या कलत्या उन्हात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजले जात असावेत, कणकेच्या त्या जाड गोळ्यांचा खरपूस, धुरकट वास कडुनिंबाच्या मोहोरात मिसळून वाऱ्यावर यावा, आणि कुठल्याही सज्जन वऱ्हाडी माणसाच्या पोटात भूक जागी व्हावी, हा सृष्टीचा साधा नियम आहे. माझ्या पोटात मात्र भुकेच्या आधी एक अस्वस्थता जागी होते. तुम्ही म्हणाल, रोडग्यांनी कधी कुणी अस्वस्थ होतं का? होतं हो! जरा ऐका तर खरं.

एकोणीसशे सत्तरचं दशक सरता सरता मी एक पुस्तक लिहिलं होतं, ‘हो तर हो!’ नावाचं. दारी आलेली एकही संधी विन्मुख धाडायची नाही, या माझ्या स्वभावाने केलेल्या फजितीची ती हसरी हकीकत. बैलातलं ओ की ठो कळत नसताना मी पोळ्याला बैलजोड्यांचा परीक्षक झालो होतो, आणि पहिला नंबर दिलेली जोडी नेमकी माझ्याच घरमालकाची निघाली होती. खंजिरी धड हातात धरता येत नसताना भजनी मंडळात शिरलो होतो. कारंज्याच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्याने ‘चलते क्या, बाबूजी?’ म्हणून विचारलं, तर जायचं होतं नागपूरला, पण विचारणाऱ्याचं मन कसं मोडायचं? चढलो, आणि उतरलो तो अकोल्याला!

पुस्तक निघालं आणि अभिप्रायांचा नुसता धुरळा उडाला. बोरगावातले आमचे शेजारी फाटकावरूनच म्हणाले, “भाऊ, तुम्ही इतके रिकामे होते काय?” थोरल्या बहिणीने घराण्याची अब्रू वेशीला टांगल्याचं जाहीर केलं आणि चार प्रती मैत्रिणींसाठी मागून नेल्या. एका विद्वानांनी ग्रंथात बोध नसल्याची खंत व्यक्त केली. आमची ही तेवढी काही बोलली नाही, फक्त त्यानंतर कुणी दारात आलं, की मी तोंड उघडण्याआधी ती पुढे होऊन म्हणायची, “त्यांना वेळ नाही.” मी हसत होतो, लोक हसत होते, आणि तरी मनात काहीतरी सलत होतं. स्तुती झाली तरी ती तळाशी पोचत नव्हती. सगळे माझ्या फजितीला हसले, पण पुस्तक मिटून कुणी स्वतः कशाला ‘हो’ म्हटलं का? मग मी लिहिलं ते कशासाठी?

अशा उलघालीत असतानाच कारंज्याच्या बाजूच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी देवळाच्या सभामंडपात माझं पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं होतं. शेतं रिकामी, माणसं मोकळी, ऐकायला सारा गाव लोटला. आता त्या गावाची रीत अशी, की देवळात जे ओळीने वाचलं जातं ती पोथीच! पहिल्या दिवशी कुणीतरी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी हार आला, आणि पुस्तक संपत आलं तेव्हा सदाशिवबाबा नावाच्या वृद्ध, करारी गृहस्थांनी फर्मान काढलं की पोथी लागली तर समाप्तीही झाली पाहिजे. गुरुजींनी परोपरीने समजावलं, हे थट्टेचं पुस्तक आहे. बाबा म्हणाले, “हासलो म्हनून काय झालं? आयकलं ना सगळ्यायनं?” त्यांच्या लेखी विषय संपला होता.

मी गेलो, हे काय सांगायला हवं? आरती झाली, पंगत बसली, पत्रावळीवर रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी आली, तुपाची धार पडली, आणि कुणीच हात घालेना. फलश्रुती सांगितल्याशिवाय घास उचलायचा नसतो. पुस्तकात तर फलश्रुती नव्हती! सारे माझ्याकडे पाहू लागले. म्हटलं, चला, हीही एक संधीच. उचलली जीभ लावली टाळ्याला, या माझ्या जुन्या धर्माला जागून मी म्हणालो, “जो ही पोथी ऐकेल, त्याच्या दारी आलेली संधी परत जाणार नाही.” मंडपात आनंदाची लाट उसळली. तेवढ्यात बायकांच्या पंगतीत वाढणारी एक बाई हातातलं भांडं खाली ठेवून पुढे आली. ती सदाशिवबाबांची विधवा सून, अनसूया.

“भाऊ, माया पोरीले, शोभीले, नागपुराच्या दवाखान्यात नर्सचं शिकाले जागा भेटली. सोमवारी हजर नाई झाली तं जागा दुसरीले जाते. मामंजी नाई म्हनून राह्यले. आता तुम्हीच सांगा, हे आलेलं परत धाडाचं काय?”

माझे सारे ‘हो’ हसण्यावारी गेले होते, कारण अकोल्याला उतरलो तरी परतायला मला घर होतं आणि पुरुषाच्या भटकण्याला गाव नुसतं हसतं. या पोरीचं काही चुकलं, तर कोण हसणार होतं? मी चाचरत म्हणालो, “बाई, घरच्यांनी मिळून नीट विचार करावा...”

“इचार करा, असं तं तुमच्या पोथीत कुठंच नाई लिवलं,” ती म्हणाली.

वरणावर साय धरत होती. सदाशिवबाबा खाली मान घालून बसले होते. मला त्यांचीही भीती समजत होती. तरणी नात, परकं शहर. मी त्यांच्याकडे पाहूनच म्हणालो, “बाबा, तिनं जावं.”

बाबांनी मान वर केली. म्हणाले, “पोथी आयकली, आता नाई कसं म्हनू? पन तिले तुम्ही नेऊन देजा. सुट्टीत आनाचं बी तुम्हीच. हो म्हननाऱ्यानं रस्ता चालावा.” आणि त्यांनी पहिला घास मोडला.

पंगत जेवू लागली. माझ्या पानावर वरण वाढायला एक मुलगी वाकली, शिडशिडीत, घट्ट दोन वेण्यांची. तीच शोभा. एवढा वाद झाला, ठराव झाला, पण त्या पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं. ‘हो’वर अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या मीही नाही! शरमून हळूच विचारलं, “तुला जायचंय ना गं?”

“मी तं कवाचीच हो म्हनून राह्यली जी,” ती म्हणाली, “तुम्हाले आता आयकू आलं.”

त्या सोमवारी आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो. ट्रंक टपावर, शोभा खिडकीशी. ती सारखी बोलत होती, रस्त्यावरचं गाव न् गाव विचारत होती. मी आपला नावं सांगत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला एका ‘हो’ची भीती वाटत होती, आणि पहिल्यांदाच तो कुणाला गंमत म्हणून सांगावासा वाटत नव्हता.