गोरासाहेबाची छत्री

भूकंपानंतर आमची सप्लाय तुकडी अहमदपूरच्या पुढे एका गावात लागली. पाण्याचे दोन टँकर, रेशनचे तीन ट्रक, मोजके जवान आणि मी, सेकंड लेफ्टनंट. कमिशन मिळून वर्ष व्हायचं होतं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी वाक्य आधी मनात जुळवावं लागे, म्हणून मी कमीच बोलायचे.

सकाळी पाणी, दुपारी शिधा, संध्याकाळी वायरलेसवर रिपोर्ट. जमीन अजून शांत नव्हती. मधूनच आतून जातं फिरल्यासारखा आवाज यायचा. त्याच्या आधी कुत्री गप्प व्हायची. आम्ही कुत्र्यांकडे लक्ष ठेवायला शिकलो.

गावातली माळवदं सगळी बसली होती. उभी राहिली एकच वास्तू, माळावरची चार खांबांची दगडी छत्री. तिच्याखाली गोरासाहेबाचं थडगं. निजामाच्या घोडदळातला कुणी इंग्रज अधिकारी पिढ्यांपूर्वी इथे वारला, एवढंच गावाला ठाऊक. लग्न ठरलं किंवा कुणी परगावी निघालं, की थडग्यावर पेटती बिडी ठेवायची. तिथल्या दिवाबत्तीचं काम सासऱ्यांकडून गावातल्या मेहरूनखालांकडे आलेलं. आता अर्धं गाव पोराबाळांसह छत्रीखाली झोपत होतं. म्हातारा साहेब सांभाळतो, असं जो तो सांगायचा.

एका दुपारी नाईक सुभाष गायकवाड माळावरून खाली आला. तो चाकूरकडचा, आमचा टँकर ड्रायव्हर.

"मॅडम, एका खांबाचा सांधा उघडलाय. आत बोट जातंय. काल जात नव्हतं."

मी वायरलेसवर कळवलं. उत्तर आलं, "माळ रिकामा करा. शाळेच्या मैदानात तंबू लावा. अंधार पडायच्या आत. ओव्हर."

तंबू लागले. कुणी हललं नाही.

"ताई, तुमच्या तंबूला कापड," दगडूमामा म्हणाले. गावातले सगळ्यांत वयस्क तेच. "साहेबाचं दगडाचं हाय. आमची घरं पडली, ह्ये पडलं का?"

"मामा, खांब सरकलाय."

"सरकू द्या. म्हातारा धरून राहिलाय."

बायका हसल्या, पण दबकून.

चुन्याखाली काही कोरलेलं हाताला लागलं म्हणून गायकवाड थडग्याशी बसून चमच्याने चुना खरवडत होता. वर्षावर्षाला दिलेल्या चुन्याचे थर निघाले आणि खाली अक्षरं दिसली.

"मॅडम, इंग्रजी आहे."

"वाचा की!" चारी बाजूंनी आवाज आला. आमचे नायब सुभेदार माझ्या कानाशी म्हणाले, "बोल दीजिए मॅडम, लिखा है यहाँ मत सोना."

मी होतं तेच वाचलं. "नाव झिजलंय. जन्म आयर्लंडात, कॉर्क गावी. मृत्यू तापाने. वय एकोणीस. हा दगड त्याच्या स्वारांनी बसवला."

"आयर्लंड कुठं आलं? हैदराबादच्या पल्याड?"

"फार पल्याड. समुद्रापार. तो इंग्रज नव्हता, आयरिश होता."

"ते ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "वय किती म्हणलात?"

"एकोणीस."

मामा दगडाकडे बघत राहिले. "माझा नातू लातूरला क्लासला हाय. एवढाच. त्याला म्हणंन का मी, बाबा, घर धरून उभा ऱ्हा?"

मेहरूनखालांनी कपाळाला हात लावला. "बच्चा है रे ये तो! बच्चे के सर पे पूरा गाँव बिठाया अपन ने."

मामांनी दगडावरून हात फिरवला आणि आपली वाकळ गुंडाळली. मग बाकीचे उठले. दिवस मावळेपर्यंत माळ रिकामा झाला.

तंबूंपाशी डोकी मोजताना खाला दिसल्या नाहीत. त्या परत चढत होत्या.

"खाला, मागे या!"

"अकेला कैसा छोडूं? दिवा लगाके आती!"

"मी आणतो, मॅडम," गायकवाड म्हणाला.

"जा. लगेच या."

तो पळत गेला. छत्रीखाली दोघं दिसत होती. खाला काडी ओढत होत्या, तो दंड धरून त्यांना उठवत होता. इतक्यात मैदानातली कुत्री गप्प झाली.

गायकवाडने खालांना दोन्ही हातांनी बाहेर ढकललं. खांब गेला. मागोमाग छत गेलं. धूळ खाली बसेना.

वायरलेस माझ्या हातात होता. "माळ रिकामा. एक जवान दगडांखाली." एवढंच बोलले. पलीकडचा अजून ऐकतच होता. ओव्हर म्हणायचं राहिलं होतं.

गावकऱ्यांनी हातांनी दगड उपसले. तो बाहेर निघाला तेव्हा श्वास नव्हता.

पार्थिव घेऊन मी चाकूरकडे गेले. त्याची आई दारात उभी होती. तिने आधी माझ्या गणवेशाकडे पाहिलं, मग ट्रककडे.

"तिथली माणसं?"

"सगळी वाचली, आई."

"लेकरं?"

"लेकरंसुद्धा."

तिने पदर तोंडाला लावला आणि बऱ्याच वेळाने काढला. "मग सांगत जा, बाई, चार लोकांत. त्यो सोताबद्दल कधी सांगायचा न्हाई."

मलाही चार लोकांत बोलणं जमत नाही. म्हणून लिहिलं. नाईक सुभाष गायकवाड, चाकूर तालुका. टँकर रिव्हर्स घेताना तो आरशात बघत नसे. दार उघडून, अर्धा बाहेर लोंबकळून, मागे उभ्या पोरांना आधी नावाने हाक मारून बाजूला करी.