जिताड्याचा डबा

बाबांनी पुन्हा मासे धरायची गरी हातात घ्यावी, एवढ्यासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता.

सांडोरला माहेरच्या घरामागे आमचं बावखल होतं. वाडीतल्या केळींना पाणी मिळावं म्हणून जुन्या माणसांनी खणलेलं तळं. बाबा रोज संध्याकाळी तिथे दगडावर बसून गरी टाकायचे. मासा लागला तर वहिनीला हाक मारायचे, नाही लागला तर दोरा गुंडाळून मुकाट आत यायचे. बावखल अर्धं आमचं, अर्धं काकांचं. काकांनी आपली वाडी इमारतीसाठी दिली आणि अर्धंच बावखल बुजवता येत नाही, म्हणून आमच्याही अर्ध्यावर सही झाली. ती बाबांनीच केली. भावाभावांत कोर्टकचेरी नको, एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात भराव पडत होता तेव्हा मी त्यांना आचोळ्याला माझ्या फ्लॅटवर आणून ठेवलं. काम झाल्यावर परत नेऊन सोडलं. तेव्हापासून त्यांनी घराचं मागचं दार उघडलं नाही. गरी माळ्यावर गेली. ताटात मासा आला की ते आमटीभात मागून घेत. वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, भांडले असते तरी बरं होतं."

वालीवच्या एका कारखान्यातून माल वेळेवर बाहेर काढणं हे माझं काम. अडचण दिसली की मी कागद घेऊन बसते. पाऊस संपला तसं मी ठरवलं, सगळ्यांनी होडीतून खाडीच्या तोंडाशी मासे धरायला जायचं. बाबा, भाऊ, वहिनी, मी. आम्ही वाडीवाले. समुद्र आम्हाला ऐकू येतो, पण त्यात आमचं कोणी कधी उतरलेलं नव्हतं.

बंदरावर जाऊन एक होडीवाला गाठला. साठीचा, तोंडाने फटकळ. त्याने आधी विचारलं, पोहता येतं का. मी म्हटलं, सगळ्यांना येतं, बावखलात शिकलोय.

"बावखलात घाबरला तर मानूस काठ धरतो, बाय. हितं काठ कुटं हाय? हितं पानी ओढून नेतं."

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला हसू आवरेना. मग मात्र त्याने नीट सांगितलं. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा वर येतो, त्यावर होडी बसली की पुढची भरती येईपर्यंत बसायचं. जाळी बांधायचे खुंट भरतीला पाण्याखाली जातात आणि दिसत नाहीत. पलीकडे खडक. आम्हाला न्यायचं तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्याला, म्हणजे ओढ कमी असते तेव्हा. निघायचं पाणी चढताना आणि परतायचं ते उतरायला लागायच्या आत. रविवार चालेल, पण चर्चमधली सकाळची मिसा झाल्यावर. मी सगळं लिहून घेतलं. अष्टमीला लागूनच रविवार येत होता, तो धरला.

सांडोरच्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी कागद पसरला. लाइफ जॅकेट, पिण्याचं पाणी, बाबांच्या गोळ्या, उलटीची गोळी भावासाठी. भाऊ म्हणाला, मला उलटी होत नाही. वहिनी म्हणाली, बोरिवलीच्या बसमध्ये कोणाला झाली होती मग? बाबा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. पेपर न हलवता त्यांनी विचारलं,

"तिथे जिताडा लागतो का?"

मी म्हटलं, होडीवाला म्हणाला लागतो. लहानही लागतात.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, बाबांनी गरी माळ्यावरून काढायला लावली. मग कळलं, जुना दोरा टाकून नवा भरला. मग बाजारात जाऊन स्वतः गळ निवडून आणले. त्या आठवड्यात त्यांनी वहिनीला बोंबलांचं कालवण करायला सांगितलं आणि दोनदा वाढून घेतलं. मी कारखान्यात टेबलाशी बसून रडले आणि कोणी विचारलं तर सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

माझ्या यादीत त्यांनी एकच वस्तू घालायला लावली. मोठा पत्र्याचा डबा, झाकणाला भोकं पाडलेला, आणि वर बांधायला गोणपाट. मला वाटलं, आमिषाची कोळंबी जिवंत ठेवायला असेल.

शनिवारी संध्याकाळी मी सामान घेऊन सांडोरला गेले. सगळ्यांना जॅकेट घालून पाहिली. बाबांची पट्टी मी आवळत होते तेव्हा ते म्हणाले, "येताना वाटेत कुठे पाणी बदलायला मिळेल?"

"कसलं पाणी?"

"डब्यातलं. लहान जिताडे गाडीत तापतात. मी पूर्वी सायकलवरून आणायचो, वाटेत दोनदा बदलायचो. बावखलापर्यंत जगली पाहिजेत पोरं."

भाऊ जागच्या जागी थांबला. मी हळूच म्हटलं, "बाबा, बावखल बुजवलंय. मी सांगितलं होतं ना."

"माहीत आहे. सही मीच केली." ते मला समजावणीच्या सुरात सांगू लागले, जसं लहानपणी गणित सांगायचे. "खाली झरा आहे. भराव टाकला म्हणून झरा कुठे जातो? अख्खा पावसाळा झालाय. आलं असेल वर, थोडं का होईना."

बाबांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. मग जॅकेट तसंच अंगावर घेऊन ते गेले आणि मागच्या दाराची कडी काढली.

बाहेर काँक्रीट होतं. त्यातून गंजलेल्या सळया वर आलेल्या. एका सळईवर कामगाराचा शर्ट वाळत होता. जिथे दगड होता तिथे सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. बाबा उंबऱ्यावर उभे राहिले. पायरी उतरले नाहीत. वहिनी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, हात लावावा की नाही हे तिला ठरवता येईना.

मग त्यांनी दार लावलं. "डबा काढ यादीतून," म्हणाले.

मी म्हटलं, आपण जाणंच रद्द करू. ते म्हणाले, होडीवाल्याला शब्द दिलाय, जायचं.

रविवारी ठरवलं तसंच सगळं झालं. पाणी चढतं होतं, होडीवाल्याने खुंटांना वळसा घातला, दांड्यापासून लांब राहिला. भावाला उलटी झाली नाही. बाबांनी आमिष लावलं आणि गरी सोडली. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. दोरा बोटावर धरायची तीच जुनी पद्धत.

लागला तो जिताडाच. वीतभर, चांदीसारखा. होडीवाला खूश झाला.

"बाबा, हा खाऊ नका. न्या, तुमच्या बावखलात सोडा. गोड्या पान्यात लई वाढतो."

त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी गळ अलगद सोडवला. मासा ओंजळीत धरून क्षणभर पाहिला आणि होडीच्या कडेवरून पाण्यात सोडला.

"आपल्याकडे जागा नाही रे," म्हणाले. होडीवाल्याला की माशाला, ते कळलं नाही.

बंदराला लागलो. मी हात देऊन त्यांना उतरवलं. मागून होडीवाल्याने हाक मारली, बाबा, गरी राहिली. बाबा वळले नाहीत. "तुमच्याकडेच ठेवा," म्हणाले, आणि गाडीच्या दिशेने चालू लागले.