चहा छान झालाय

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यासमोर मी काय काय कबूल केलंय — स्कूटर कुणी ठोकली, दूध कुणी उतू घालवलं — पण हे नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही शांतपणे ऐकून घ्याल असं वाटतं, एवढंच.

मी बांधकामावरची इंजिनीअर, मुरूडची. दिवेआगरला एका लहान रिसॉर्टचं काम निघालं आणि पहिल्यांदाच अख्खी साइट माझ्या एकटीच्या ताब्यात आली. सकाळी आगरदांड्याला स्कूटर बोटीत चढवायची, दिघीला उतरायचं, पुढे साइट. भारी ऐट होती माझी. साइटचं पिवळं हेल्मेट बोटीतसुद्धा मांडीवर दिसेल असं धरून बसायचे.

तिथली जमीन वाळूची, थोडं खणलं की पाणी लागतं. आम्हाला जमिनीखाली मोठी टाकी बांधायची होती. म्हणजे खड्डा कोरडा हवा, म्हणजे पंप लावून पाणी उपसायचं. यात एक गोम आहे — आणि ती मला पाठ होती. समुद्राकाठी पावसाचं गोडं पाणी वर असतं, खारं त्याच्या खाली. वरचं बेसुमार उपसलं की खालचं वर चढतं. म्हणून खड्डा तुकड्यातुकड्यानं खणायचा, पंप बेतानं चालवायचे, शेजारच्या विहिरींवर लक्ष ठेवायचं. मी काय केलं? सगळा खड्डा एकदम खणला आणि पंप दिवसरात्र चालू ठेवले. घाई वरून होती, खरं आहे. पण मुदतीच्या आधी काम करून दाखवायची हौस माझी स्वतःची होती.

साइटच्या दगडी कुंपणापलीकडची, म्हणजे गडग्यापलीकडची, वाडी काकूंची. मुलगा पुण्याला, त्या एकट्याच राहायच्या. मागच्या मोठ्या वादळात त्यांच्या सुपारीच्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, त्या जागी त्यांनी नवी रोपं लावली होती. रोज विहिरीचं पाणी पाटानं त्यांना द्यायचं — शिपणं म्हणतात आमच्याकडे — हे त्या स्वतः बघत. सुट्टीत घरी पाहुणे उतरत आणि काकूंच्या आमटीसाठी पुन्हा येत. गंमत म्हणजे ती आमटी काकू कधी चाखून बघत नसत. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जेवण उष्टं करायचं नाही, ही त्यांची रीत. मीठ हाताच्या अंदाजानं. मला दुपारचा चहा गडग्यावरून रोज मिळायचा, न मागता. पोर उन्हात उभी असते म्हणून.

एकदा त्या देवळात गेलेल्या असताना मी त्यांच्या विहिरीत खारेपणा मोजायचं यंत्र सोडलं. का सोडलं? शंका होती म्हणूनच ना? पाणी खारं झालं होतं. यंत्र ओढणीला पुसून पिशवीत टाकलं. पंप थांबवले तर खड्डा भरणार, काम अडणार, आणि का अडलं हे साहेबांना सांगावं लागणार — एवढा सगळा विचार मी तिथेच विहिरीवर उभी राहून केला. काकूंचा केला नाही.

त्याच दुपारी चहा आला. दूध फाटल्यासारखं वर दिसत होतं. काकू नुकत्याच तापातून उठल्या होत्या. एरवी कप देऊन आत जायच्या, त्या दिवशी थांबल्या.

“बघ गो जरा. मला खारट लागतोय. पाणी बिघडलं की माझी जीभ?”

मी घोट घेतला. मग — हे सांगायलाच इतका फेरा घेतला — मी तो सबंध कप प्यायले, त्यांच्या डोळ्यांदेखत.

“चहा छान झालाय, काकू. तापानंतर तोंडाला चव राहत नाही हो.”

“म्हणजे जीभच गेली म्हणायची माझी,” असं म्हणून त्या हसल्या, आणि मीही हसले.

त्यांनी माझं खरं मानलं आणि शिपणं चालू ठेवलं. रोपांची पानं आधी कडेनं करपली, मग रोपं उभ्या उभ्या वाळली. गावात म्हणत होते, वादळात आलेला खार मातीत राहिला असेल. मी मान डोलावली. टाकी मुदतीआधी झाली. पंप थांबले, पाऊस पडला, विहीर हळूहळू गोडी झाली. मला शाबासकी मिळाली आणि मी ती घेतली.

परवा दिघीला काम होतं, म्हणून वाट वाकडी करून काकूंकडे गेले. रोपांच्या जागा अजून मोकळ्या आहेत. जेवूनच जा म्हणाल्या. आमटी उकळली तशी त्यांनी पळीभर वाटीत काढली आणि वाटी माझ्या हातात दिली.

“मीठ बघ गो.”

“अहो काकू, नैवेद्य व्हायचाय ना?”

“हल्ली कुणालातरी चाखायला लावते आधी. देवाला खारट कसं दाखवू? माझ्या जिभेचं काही खरं नाही, तुला तर माहीतच आहे.”

मला माहीत होतं. मी आमटी चाखली. मीठ अगदी बेताचं होतं, पहिल्यासारखंच. मी म्हटलं, छान झालीय. काकूंचा जीव भांड्यात पडला आणि त्या नैवेद्याचं पान वाढायला वळल्या. त्यांची जीभ कधी बिघडलीच नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.