ओळखलंस काय मला?

मी यादी करणारी बाई आहे. बेळगावातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र विभागाच्या संशोधनाची व्यवस्था बघते. म्हणजे खोली मिळवणं, सह्या घेणं, चहा सांगणं आणि विभागप्रमुख सरांना बैठकीला वेळेवर आणणं. शेवटचं काम यादीत कायम शिल्लक राहतं.

आमचा नवा अभ्यास होता ऑटिस्टिक प्रौढांच्या मनःस्वास्थ्यावर. यात एक अट होती. ज्यांच्यावर अभ्यास करायचा, त्यांच्यातल्याच कुणाला तरी प्रश्न ठरवायला सोबत घ्यायचं, भागीदार म्हणून. सरांनी ती आनंदानं मान्य केली, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे भागीदार म्हणजे सुरुवातीला शाल-श्रीफळ आणि एक फोटो.

भागीदार आली निपाणीहून. तिशी ओलांडलेली, स्वतः ऑटिस्टिक, एका वकिलाकडे मराठी कागद कन्नडात करून देणारी. आल्याआल्या तिनं सांगून टाकलं: शाल टोचते, टाळ्या नकोत, ती ट्यूबलाइट गुणगुणते ती बंद करा आणि बैठकीत काय बोलायचं ते आदल्या दिवशी पाठवा. मी मुद्दे पाठवले. दुसऱ्या दिवशी ती म्हणते, "आक्का, चौथा मुद्दा तिसऱ्याच्या आधी पाहिजे न्हाय?"

माझी यादी कुणीतरी वाचली होती! त्या क्षणापासून मी तिच्या पक्षात गेले.

वाजलं ते एका प्रश्नावरून. आमच्या प्रश्नावलीत होतं, 'तुम्हाला गर्दीची भीती वाटते का?' ती म्हणाली, गर्दीचं निभावून नेता येतं. पण लग्नात, यात्रेत, बाजारात कुणीतरी हात धरतं, तोंडाजवळ तोंड आणतं आणि विचारतं, 'ओळखलंस काय मला?' तिच्या लक्षात चेहरे राहत नाहीत. नाही म्हणावं तर शिष्ट, हो म्हणावं तर पुढचा वार तयार: 'मग सांग बघू, कोण?' त्यापायी तिनं सख्ख्या मावसबहिणीचं लग्न चुकवलं होतं आणि बहिणीनं बोलणं टाकलं होतं. हा प्रश्न अभ्यासात यावा, एवढंच तिचं मागणं.

सर हसले. "अगं, ती आपल्याकडची माया आहे. त्यात कसली चिंता? शास्त्रात बसत नाही हे."

"मग मी पण बसत न्हाय," ती म्हणाली. "फोटोपुरती भागीदार मला व्हायचं न्हाय. प्रश्न गेला तर मी गेले."

हे ती बसची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाली, म्हणून मी जास्त घाबरले. निपाणी-संकेश्वरकडची माणसं अभ्यासाला तिच्याच शब्दावर येणार होती.

जरा वेळानं तिनं विचारलं, "सर, नवा प्रश्न आधी कुणावर तरी तपासून बघतात न्हाय?"

"बघतात की."

"तुमच्यावर बघू? ऑटिस्टिक नसलेलं एक माणूस पाहिजे."

"खुशाल!" तिनं संमतीपत्र पुढं केलं. सरांनी न वाचता सही ठोकली. समोर येईल त्यावर ते सही करतात. आमचा निम्मा विभाग त्यावरच चालतो.

माझा वाटा एवढाच की मी माझी हिंडलग्याची आत्या पुरवली. सरांनी तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं. भागीदारणीनं तिला बजावलं, "आत्या, खोटं एक अक्षर बोलायचं न्हाय. फक्त इचारायचं."

"एवढंच व्हय? ते तर मी रोजच करतीया."

पुढच्या आठवड्यात सर पेपर वाचत बसले असताना आत्या आत शिरली आणि तिनं त्यांचा हात धरला. आम्ही दोघी कपाटाशेजारी उभ्या.

"ओळखलंस काय रं मला?"

"म्हणजे काय! ओळखलं की!" सर उठून उभे राहिले.

"मग सांग बघू, कोण?"

"तुम्ही आपल्या... खानापूरच्या."

"न्हाय."

सरांना वाटलं सासुरवाडीची असणार. ती मंडळी कन्नड बोलतात. "आराम इद्दीरी?" त्यांनी कन्नडात खुशाली विचारली.

"मराठीत बोल की रं."

सर वाकले आणि पाया पडले. वेळ काढायला तेवढा एकच उपाय उरला होता. "काका बरे आहेत?"

"माझं मालक म्हणत असशील तर त्यास्नी जाऊन लई वर्सं झाली."

"हो हो, कळलं होतं मला. यायचं राहूनच गेलं बघा."

मी कपाटाकडं तोंड फिरवलं. भागीदारीण मात्र हसली नाही. ती पुढं झाली आणि म्हणाली, "सर, तपासणी संपली. तुम्हाला घाम आलाय. काळजी करू नका, अहवालात तुमचं नाव येणार न्हाय. संमतीपत्रात लिहिलंय तसं."

सरांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग रुमालानं मान पुसली. "म्हणजे या माझ्या कुणीच नव्हेत?"

"नव्हते," आत्या म्हणाली. "आता पाया पडलास न्हवं? घरच्या लग्नाला बोलीव."

सर खुर्चीत बसले. "मी पळून जायचा विचार करत होतो," ते म्हणाले. "माझ्याच खोलीतून."

"मला ते दर लग्नात होतं," ती म्हणाली.

"घाला प्रश्न. जरा सौम्य शब्दांत."

"न्हाय. लोक विचारतात तसाच."

तसाच गेला. महिन्याभरानं आम्ही दोघी संकेश्वरला पहिल्या मुलाखतीला गेलो. समोर चाळिशीतला एक ऑटिस्टिक गृहस्थ. खाली मान घालून प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही, त्यापलीकडं शब्द नाही. त्या प्रश्नाशी मात्र तो थांबला.

"हा कुणी घातला?"

"मी," ती म्हणाली.

"तुम्हाला पण विचारतात?"

"लई."

त्यानं खुर्ची थोडी पुढं ओढली. "मग लिहून घ्या," तो म्हणाला आणि त्यानं एका बारशापासून सुरुवात केली. तिची निपाणीची बस गेली, तेव्हा तो एका वास्तुशांतीपर्यंत पोचला होता. मी घड्याळ दाखवलं. तिनं माझा हात हळूच खाली केला.