आरएनए आढळला नाही

शेकोटीत भाजलेल्या पोपटीच्या मडक्यातून वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला, की मला रोह्याजवळच्या आमच्या शेतातली ती संध्याकाळ आठवते. त्याआधी दोन वर्षं वडिलांना रक्ताचा कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की त्यांच्या रक्तपेशींना ‘वाढा, वाढा’ असा चुकीचा संदेश सतत मिळतोय; रोजची गोळी तो संदेश अडवेल, आणि ती लागू पडतेय का, हे रक्तातल्या एका चुकीच्या आरएनएवरून कळेल. दर तीन महिन्यांनी आम्ही रक्त देऊन यायचो. आकडा उतरायचा, पण पुरता जायचा नाही. त्या संध्याकाळी सगळी वाडी शेकोटीभोवती जमली असताना मोबाइलवर रिपोर्ट आला. माझा विश्वासच बसेना, म्हणून मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. ‘बरोबर वाचलंस,’ त्या म्हणाल्या, ‘आरएनए आढळला नाही. गोळी मात्र चालूच ठेवायची.’ वडिलांनी मला विचारलं, ‘थोडा बी नाय?’ मी म्हटलं, ‘मशीनला सापडतच नाय, बाबा!’ ते ताडकन उठले. ‘मंग मोठ्यानं वाच गो, समद्यांना ऐकू दे!’ मी रिपोर्ट ओरडून वाचला. दोन वर्षं आमच्याशी दबक्या आवाजात बोलणारी माणसं शिट्ट्या वाजवू लागली. आई रडता रडता हसत होती. वडिलांनी पहिल्या गरम शेंगा तिच्या पदरात ओतल्या. आज ते सत्तरीत आहेत, सकाळची गोळी घेऊन बांधावर जातात, आणि माझं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून मलाच दटावतात, ‘मीठ कमी खा गो, जिवाला जप.’