पाठीवरून माणूस ओळखणारी

अगं लेकी, जरा जवळ सरक आणि ऐक. तुझ्या लग्नाच्या अल्बमवरून तू अजून मावसबहिणीवर रुसून आहेस, नाताळलाही माहेरी नंदाखालला आली नाहीस, हे शोभतं का तुला? फोटो तिनं काढले आणि अल्बममध्ये सगळ्यांच्या पाठीच आल्या, कबूल. पण माणसांच्या पाठींवर इतका जीव लावणारी बाई जगात दुसरी नसेल, हेही कबूल कर.

माझ्या या भाचीचं कामच तसं. ती डॉल्फिनांचा अभ्यास करते, शिवाय जनावरांचे फोटो काढून मासिकांना देते. डॉल्फिन वर येतो क्षणभर, पाठीवरचा पर तेवढा दिसतो. त्यावरच्या खाचा-ओरखड्यांवरून हिला कळतं, हा कोण नि ती कोण. म्हणून फोटो पराचा, डावीकडून एक, उजवीकडून एक. ही खोड अंगात अशी मुरलीय, की चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसते आणि मिस्सा संपेपर्यंत कुणाची मान आखडलीय, कुणी केस रंगवलेत, सगळं तिला ठाऊक. आणि समोरून हात करणाऱ्या सख्ख्या मामाला विचारते, "आपण कोण?" मामा चिडून निघाले, तशी मागून म्हणते, "अय्या, मामा होय!"

एकदा आम्ही दोघी बहिणी तिच्याबरोबर होडीत होतो. डॉल्फिननं अशी उडी मारली की आम्ही चिंब. मासिकवाले नेमकी उडीच मागतात आणि हिनं कॅमेरा खाली ठेवला. का, तर उडीत पर नीट दिसत नाही. तिची आई म्हणाली, "बाई गं, एकदा तरी कुणाचं तोंड काढ."

मग गेल्या पावसाच्या तोंडावर राजोडीच्या नाखव्यांच्या जाळ्यात खाचवाली अडकली. खाचवाली म्हणजे हिची सगळ्यात लाडकी डॉल्फिन. नाखवे स्वतः घरी सांगायला आले. "पोरी, जालं कापून सोरली तिला. पन लय लागलंय. जगल का नाय, देव जाने."

पावसाळाभर होड्या वाळूवर. पोर जेवता जेवता खाचवालीचे जुने फोटो चाळायची. नाखवे बाजारात दिसले की माझ्याकडे पोरीची चौकशी करायचे, जणू घरातलंच कुणी आजारी आहे.

होड्या पाण्यात गेल्या तशी ती आणि नाखवे, दोघं खाचवालीला शोधायला लागली. एकदा मीही हट्टानं बसले. उन्हं कलली, मी परत फिरा म्हणणार, तेवढ्यात नाखव्यांनी बोट दाखवलं. तीच खाच, खाली नवा पांढरा व्रण आणि अंगाला चिकटून इवलंसं पिल्लू. मी म्हटलं, काढ गं, काढ. तर हिनं कॅमेरा वळवला नाखव्यांकडे. ते पाण्याकडे बघत होते, तोंड उघडं, डोळे भरलेले. पराचा फोटो तिनं त्यानंतर काढला, दोन्ही बाजूंनी, शिस्तीत. नाखव्यांचा तो फोटो आता त्यांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी लागलाय. तिनं काढलेलं तेवढं एकच तोंड.

त्या रात्री मी तुझा अल्बम पुन्हा उघडला. लग्नात तुझे पप्पा सगळ्यांशी हसत, थट्टा करत होते ना? वेदीकडे तुला नेतानाचा फोटो बघ. एका हातात तुझा हात आणि दुसरा पाठीमागे, मुठीत रुमाल गच्च चुरगळलेला. इतकी वर्षं संसार करून मला तो रुमाल दिसला नव्हता. विचारलं, तर केळींना पाणी देता देता म्हणाले, घाम पुसायला होता.

तो फोटो बघायला ये. लवकर ये. ती पण असेल, तेव्हा साडी मागून नीट चापून नेस.