गेरूला धूर लागतो

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाड्यापाड्यांवर फिरणारी नर्स आहे, रक्त पाहून मला काही होत नाही, विंचू चावलेला माणूस समोर आणून ठेवला तरी हात थरथरत नाही. पण पोस्टमनने दार वाजवलं की मी आधी खिडकीच्या फटीतून बघते. कचेरीतल्या शिपायालाही मी साहेब म्हणते. घरमालकिणीचा फोन आला की बसलेली मी उभी राहून बोलते. नवरा यावरून माझी भरपूर टिंगल करतो. तो ठाण्याकडे कंपनीत कामाला आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो, त्यामुळे टिंगलही पंधरा दिवसांनीच होते.

माझं उपकेंद्र जामसरच्या बाजूला. तिथे राहायची सोय नाही, आणि सूर्यमाळखालच्या आमच्या पाड्यावरून रोज येणं-जाणं जमण्यासारखं नाही. म्हणून जव्हारला खोली हवी होती. आख्खा उन्हाळा मी खोल्या शोधत हिंडले. कुणाला लहान मूल नको होतं. कुणी गोड बोलून आडनाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवलं. शेवटी बाजाराच्या मागे दोन खोल्या मिळाल्या, मागे छोटी पडवी, दारात नळ. मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. ही जागा गेली तर दुसरी मिळणार नव्हती, आणि दुसरी मिळाली नाही तर मुलीला वसतिगृहात ठेवावं लागणार होतं. सहाव्या वर्षी मला ठेवलं होतं तसं.

वसतिगृहाबद्दल माझी तक्रार नाही. तिथे जेवायला मिळालं, शिकायला मिळालं, म्हणून आज मी नर्स आहे. पण एक ताट, एक तांब्या, एक चादर आणि दोन झगे पत्र्याच्या पेटीत घालून वडील मला दारात सोडून गेले, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, तेव्हा जी धास्ती आत शिरली ती अजून निघालेली नाही. ही गोष्ट मी मुलीला फार वेळा ऐकवली आहे. जेवताना कुरकुर केली की ऐकवायची, अभ्यास नको म्हटलं की ऐकवायची. भिंतीला पेन्सिल लावलीस आणि खोली गेली तर बघ, ताट-तांब्या घेऊन होस्टेलला जावं लागेल, असंही म्हणायची. आपण पोरीला शहाणं करतोय असं मला वाटायचं.

घरमालकीण पासष्टीच्या पुढच्या. यजमान मास्तर होते. ते गेल्यावर त्या नाशिकला मुलाकडे राहायला गेल्या, पण पुढची एक खोली त्यांनी स्वतःसाठी कुलूप लावून ठेवली होती. किल्ली देताना त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं, "खिळा ठोकायचा नाही. भिंतीला काही चिकटवायचं नाही. आणि रंगाचं तर नावच काढू नका, सिस्टर. आधीच्या भाडेकरूनं हिरवा दिला होता, तो काढता काढता माझा जीव मेटाकुटीला आला." मी "हो काकू, नाही काकू" म्हणत राहिले.

आणि सुरुवातीला मी शब्द पाळलाही. भिंतीला हात न लावता जेवढा रंग घरात आणता येईल तेवढा आणला. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत सुतळी ताणली आणि माझ्या आईचं जुनं लाल लुगडं पडद्यासारखं सोडलं. बाळंतपण नीट झालं की बायका हौसेने माझी ओटी भरतात, त्या ब्लाउजपिसांचा घरात ढीग साठला होता. निळी, हिरवी, चिंतामणी, सगळी जोडून पलंगावर अंथरायला चादर शिवली. तेलाच्या रिकाम्या डब्यांना पिवळा रंग फासून पडवीत झेंडू लावला. घर आमचं वाटायला लागलं. भाड्याच्या घराबद्दल असं वाटून घेऊ नये, हे मला कळायला हवं होतं.

आषाढात आतल्या खोलीची मागची भिंत ओली झाली. आमच्याकडचा पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. भिंतीवर आधी ओल चढली, मग काळी बुरशी. डाग पसरत पसरत माणसाएवढा झाला, वर डोकं आणि खाली खांदे असावेत तसा. मुलगी त्या खोलीत एकटी जाईना. दप्तर आणायचं तरी माझा गाऊन धरून.

"आई, भिंतीत कोणतरी बसलंय."

"ओल आहे गं ती."

"मग ओल माझ्याकडे का बघते?"

खरं सांगते, त्यानंतर त्या भिंतीकडे पाठ करून मलाही कपड्यांच्या घड्या घालता येईनात. काकूंना फोन करून ओलीचं सांगायला हवं होतं. पण तक्रार करणारा भाडेकरू कुणाला आवडतो? तीनदा नंबर काढला आणि तीनदा फोन ठेवून दिला.

मग एका रविवारी मी बाजारातून गेरू आणला. आमच्या पाड्यावर भिंत खराब झाली की हेच करतात. शेणमातीने सारवायची, वर गेरू द्यायचा आणि गेरूवर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रं काढायची. स्वस्त काम, आणि माझ्या हाताला ठाऊक असलेलं. शिवाय गेरू म्हणजे शेवटी माती. काकू यायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून टाकू, असं मी स्वतःला समजावलं. तरी दार आतून लावलं, लुगड्याचा पडदा ओढला आणि नळाला पाणी आलं असतानाही बाहेर गेले नाही. कुणी विचारलं असतं की हात लाल कशाने झाले, तर मी काय सांगणार होते?

भिंत तांबडी झाली तसा तो काळा माणूस गडप झाला. मी बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला आणि टेबलावर उभी राहिले. मुलगी खालून फर्माइशी सोडत होती. कोंबड्या काढ. जीप काढ. जीपच्या टपावरची माणसं काढ. मी पार आढ्यापर्यंत जाणारं ताडाचं झाड काढलं, त्यावर चढणारा माणूस काढला आणि बुंध्यापाशी आम्ही तिघं. खालच्या कोपऱ्यात तिने स्वतः एक कोंबडी काढली, तिला तीन पाय झाले. त्या दिवसापासून मुलगी त्याच खोलीत अभ्यासाला बसू लागली. मी आठवडाभर खुशीत होते, आणि माझ्यासारखीला खुशी मानवत नाही.

दहाव्या दिवशी शाळेतून आल्या आल्या ती खोलीत गेली आणि तशीच मागे आली. "आई, माणसांना केस आलेत."

मी आत जाऊन पाहिलं. पांढऱ्या रेघांवर करडी लव उभी होती. दोन दिवसांत ती काळी झाली, लांब झाली. ताडावर चढणाऱ्या माणसाचं तोंड झाकून गेलं. बुंध्यापाशी आम्ही तिघं उभे होतो, तिघंही काळे, केसाळ, हातात हात धरलेले. कोपऱ्यातून मुंग्या चढत होत्या आणि पीठ घेऊन उतरत होत्या. गेरूचे ओघळ फरशीवर आले होते. मुलगी किंचाळली. मी किंचाळले नाही, पण ते पोर समोर होतं म्हणून.

पाड्यावर आईला फोन लावला. ती आधी हसली, मग म्हणाली, "तुज्या घरात चूल नाय ना बाय? मंग भित सुकंल कशी? गेरूला धूर लागतं."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्याकडे चूल घरातच असते. पावसाळाभर तिचा धूर कोंडलेला असतो, तोच भिंत सुकवतो आणि पिठाला कीड-मुंगी लागू देत नाही. डोळे चुरचुरतात म्हणून लहानपणापासून मी त्या धुराला शिव्या दिल्या होत्या. जव्हारला गॅस आला, शेगडी आली, घरात धूर नाही म्हणून मी मोठ्या ऐटीत होते. गेरू आणला, पीठ आणलं, आणि ज्याच्या जिवावर ते टिकतं तेच विसरले. पाड्यावरची एखादी अडाणी बाई असं करणार नाही. त्याला माझ्यासारखी शिकलेलीच लागते.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. मी उभी राहिले. "शनिवारी येते सिस्टर. गणपतीच्या आधी छप्पर कुठे गळतंय का बघून जाते."

पुढचे तीन दिवस मी काय खाल्लं ते आठवत नाही. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर केस निघाले, पण गेरू भिंतीत खोल उतरला होता, आणि फडकं फिरेल तिथे तो आणखी पसरला. चुना आणून मारला. भिंत गुलाबी झाली. दुसरा हात मारला, तरी गुलाबीच. त्या गुलाबीतून ताडाचं झाड, जीप, आम्ही तिघं पुन्हा काळे काळे वर येऊ लागले. जीपमधून जामसरला जाताना मी ओठातल्या ओठात वाक्यं जुळवायची: काकू, ओल आली होती. काकू, मी भरून देते. काकू, आम्हाला काढू नका. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला पत्र्याची पेटी दिसायची, आणि पेटीवर बसलेली माझी मुलगी.

शनिवारी काकू मोखाड्यावरून येणाऱ्या एसटीने उतरल्या. ओली छत्री दारात उभी केली, पडवी पाहिली, झेंडू पाहिला, "छान लावलाय," म्हणाल्या. मग आतल्या खोलीत गेल्या. मी मागे, आणि माझ्यामागे बिस्किटांची बशी घेऊन मुलगी. काकू त्या भिंतीपुढे थांबल्या.

"हे कुणी केलं?"

माझ्या तोंडून निघालं, "पोरीनं. मी ड्युटीवर होते काकू. लहान आहे, तिला समजत नाही."

एवढी वाक्यं जुळवली होती, त्यात हे कुठेच नव्हतं. पण असं सहज आलं, जणू तयारच होतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. बशीतलं एक बिस्किट घसरून पडलं, तेवढं तिने वाकून उचललं. काकूंनी भिंतीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, "असं होय," म्हणाल्या आणि आपल्या पुढच्या खोलीचं कुलूप उघडायला निघून गेल्या.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. खोली वाचली, पोरांचं लोक मनावर घेत नाहीत, आता होस्टेल नाही. चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं. साखर घालताना लक्षात आलं की घरात पोरीचा आवाज नाही.

ती आतल्या खोलीत होती. केस आल्यापासून ज्या खोलीत ती पुन्हा माझा गाऊन धरल्याशिवाय पाऊल टाकत नव्हती तिथे, त्या भिंतीकडे पाठ करून, एकटी फरशीवर बसली होती. समोर बाजाराची पिशवी. तिने त्यात तिचं ताट ठेवलं होतं, तांब्या ठेवला होता, दोन फ्रॉक घडी करून ठेवले होते आणि आता चादर कोंबत होती. ती रडत नव्हती. काय काय न्यायचं हे तिला पाठ होतं, मीच ते इतक्यांदा ऐकवलं होतं.

"आपल्याकडे पेटी नाहीये ना आई," ती म्हणाली. "पिशवी चालेल?"

मी तिचा हात धरला आणि तिला जवळजवळ ओढतच पुढच्या खोलीत नेलं. काकू खाटेवर बसून चप्पल पुसत होत्या. मी दारातूनच बोलून टाकलं. "काकू, मी खोटं बोलले. भिंत मी रंगवली. पोरीनं नाही. तिची फक्त ती कोंबडी आहे, तीन पायांची."

काकूंनी चप्पल खाली ठेवली. "आढ्याला टेकलेलं ताडाचं झाड एवढीशी पोर काढेल होय? मला डोळे आहेत, सिस्टर." मग म्हणाल्या, "ओल आली तेव्हाच फोन करायला काय झालं होतं तुम्हाला? दिवाळीच्या आत भिंत खरवडून, सुकवून, पांढरी करून द्यायची. नाही झाली तर खोली रिकामी. आणि त्या चहात साखर कमी घाला."

मी मान हलवली. भीती गेली नव्हती. दिवाळी काही फार लांब नव्हती, आणि ती भिंत सुकेल की नाही हे मला माहीत नव्हतं. पण पोरीच्या देखत खरं बोलले होते. आता ती मला बिलगेल, असं मला वाटलं.

ती बिलगली नाही. माझा हात सोडवून ती आत गेली, पिशवी घेऊन आली आणि माझ्या पायापाशी ठेवली.

"मग आता तुला पाठवतील?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत तिने पिशवीतून चादर काढून माझ्या हातात दिली. "माझीच घेऊन जा. तुला तिथे भीती वाटते ना."